आवाज फुटतोय, सीपीयू लाल होतोय? नवं मशीन घ्यायच्या आधी हे करून बघा

जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी गाणं करायचंय. ढोलकी, हलगी, कोरस भरून झालं. मुख्य गायक माइकसमोर उभा राहिला आणि हेडफोनमध्ये तडतड सुरू झाली. स्क्रीनवर सीपीयूचा मीटर लाल. अशा वेळी खोलीतलं कुणीतरी हमखास म्हणतंच, "भावा, मशीन बदल आता." पन्नास-साठ हजारांचा सल्ला असा फुकटात मिळतो.

कोल्हापुरात घरातल्या एका खोलीत, माळ्यावर नाहीतर दुकानाच्या मागच्या बाजूला रेकॉर्डिंग करणाऱ्या नव्या पोरांसाठी हे लिहितोय. बहुतेकांकडे विंडोजचा लॅपटॉप, दोन इनपुटचं साउंड कार्ड आणि एफएल स्टुडिओ, क्युबेस किंवा रीपर यांपैकी एखादं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असतं, म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतली आहेत. मॅकवर मेन्यू वेगळे, दुखणं तेच.

एक अट आहे. खालचा क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच सेटिंग एकदम फिरवली आणि तडतड थांबली, तर कशानं थांबली ते कळत नाही. पुढच्या गाण्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हाताशी काय ठेवायचं

- साउंड कार्डाचा मूळ ड्रायव्हर, कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेला. खोक्यातल्या सीडीवरचा जुना असतो.
- लॅटन्सीमॉन नावाचं प्रोग्राम. विंडोजमधला कुठला ड्रायव्हर आवाजाच्या कामाला अडवतोय ते दाखवतं. घरगुती वापराला मोफत आहे.
- लॅपटॉपचा मूळ चार्जर.
- अडणाऱ्या प्रोजेक्टची वेगळ्या नावाची कॉपी. प्रयोग तिच्यावरच करायचे.
- विकत घेतलेल्या प्लगिनांचे (सॉफ्टवेअरला जोडायचे इक्यू, रिव्हर्ब, सिंथ वगैरे) लॉगिन आणि सिरियल नंबर. एखादं पुन्हा टाकायची वेळ आली तर ऐनवेळी जुने मेल शोधत बसू नका.
- वही-पेन. कुठलं सेटिंग आधी किती होतं आणि आता किती केलं, ते लिहायला.

१. मीटर नक्की काय मोजतो ते ओळखा

इथंच बहुतेकांची गल्लत होते. विंडोजचा टास्क मॅनेजर म्हणतो ३० टक्के आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं ९५. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त मोजतात वेगवेगळं.

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांची) सरासरी दाखवतो. सॉफ्टवेअरचा मीटर मुदत बघतो. आवाज साउंड कार्डाकडे तुकड्यातुकड्यानं जातो आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या वेळेच्या आत तयार व्हावाच लागतो. सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, आणि बफर म्हणजे एका तुकड्यात किती सॅम्पल ते. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेताना, १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर ही मुदत साधारण २.९ मिलिसेकंद. त्यातली किती वापरली गेली, ते मीटर सांगतो. एकच तुकडा उशिरा पोचला की 'टक्' असा आवाज येतो. असे बरेच चुकले की तडतड.

आता कोअरचं बघा. पंगतीला आठ वाढपी आहेत, पण तांबड्या रश्श्याची बादली एकाच्याच हातात आहे. त्याची रांग खोळंबली, की बाकीचे सात जण रिकामे उभे असूनही उपयोग नाही. एका ट्रॅकवर लावलेली प्लगिनांची माळ अशीच एकामागून एक चालते, कारण दुसऱ्या प्लगिनाला पहिल्याचं काम संपल्याशिवाय हात घालता येत नाही. म्हणून गायकाच्या एकाच ट्रॅकवर आठ जड प्लगिन चढवले, तर ते ओझं बहुतांशी एकाच कोअरवर पडतं. मास्टरचंही तसंच. सगळे ट्रॅक तिथं येऊन थांबतात, त्यामुळे मास्टरवरचा जड लिमिटर अख्ख्या गाण्याला महाग पडतो.

हा मीटर कुठं सापडतो? रीपरमध्ये व्ह्यू मेन्यूतला परफॉर्मन्स मीटर उघडा आणि त्यातला आरटी सीपीयू हा आकडा बघा. क्युबेसमध्ये एफ-१२ दाबा. तिथं सरासरी वेगळी आणि रिअल-टाइम पीक वेगळा दिसतो, तडतड पीकमुळे होते. एफएल स्टुडिओत प्लगिन परफॉर्मन्स मॉनिटर आहे, तो कुठलं प्लगिन किती खातंय ते नावानिशी दाखवतो. एबलटन लाइव्हमध्ये ११ व्या आवृत्तीपासून मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकचा भार दिसतो.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, म्हणजे प्रत्येक कोअरची वेगळी चौकट दिसेल. मात्र एकच चौकट काठोकाठ भरलेली दिसेल असं धरून चालू नका. विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं.

डिस्कचाही मीटर असतो. सीपीयू शांत आणि डिस्क लाल असेल, तर दुखणं वेगळंच. मोठ्या सॅम्पल लायब्ररी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवल्या की असं होतं. त्या एसएसडीवर हलवा. अशा वेळी पुढच्या बऱ्याच पायऱ्यांची गरज पडत नाही.

२. रिकाम्या सेशनवर परीक्षा घ्या

नवं सेशन, म्हणजे नवा प्रोजेक्ट, उघडा. चार ट्रॅक घ्या, त्यात नुसतं रेकॉर्ड केलेलं ऑडिओ टाका, एकही प्लगिन लावू नका, आणि पाच मिनिटं वाजवा.

शास्त्रीय गाण्याच्या देवल क्लबच्या या गावात बैठकीचं रेकॉर्डिंग करणारे कमी नाहीत. त्यांचं सेशन असंच असतं: गायन, पेटी आणि तबल्याचे दोन माइक. अशा सेशनलाही तडतड येत असेल, तर प्लगिनांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखणं ड्रायव्हरात, विंडोजमध्ये किंवा लॅपटॉपच्या तब्येतीत आहे. पायरी ३ आणि ४ नीट करा.

रिकामं सेशन स्वच्छ वाजलं आणि तुमचं गाणंच अडतंय, तर ३ वरून झटकन नजर फिरवा आणि ५ वर जा.

३. ड्रायव्हर आणि बफर

विंडोजवर आवाजाच्या कामाला एएसआयओ ड्रायव्हर लागतो, म्हणजे आवाज कमीत कमी उशिरात नेणारा ड्रायव्हर. साउंड कार्डाबरोबर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर येत असेल, तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. एएसआयओ-फोर-ऑल हा ज्यांच्याकडे असा ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठीचा तोडगा आहे. तो विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर बसून काम करतो. चांगलं साउंड कार्ड लावूनही यादीत एएसआयओ-फोर-ऑल निवडलेला, हे नव्या सेटअपमध्ये वारंवार दिसतं. कुणीतरी व्हिडिओत बघून टाकलेलं असतं.

आता बफर. बफर वाढवला की मुदत वाढते आणि मशीनला श्वास मिळतो, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. कमी केला की उलटं. म्हणजे एकच आकडा कायमचा लावून चालत नाही. कामाप्रमाणे तो बदलायचा:

- गाताना, कीबोर्ड किंवा ऑक्टापॅड वाजवताना: १२८ किंवा २५६.
- मिक्सिंग करताना: ५१२ किंवा १०२४. इथं कुणी लाइव्ह वाजवत नाही, मग उशीर झाला तर बिघडतं काय?

४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून उशीर १० च्या थोडा वर जातो. ऐकायला मोठा वाटतो, पण साडेतीन मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याचा आवाज हवेतून गायकापर्यंत यायलाही १० मिलिसेकंदच लागतात. त्यामुळे ३२ च्या बफरचा हट्ट धरू नका. ब्लूटूथ हेडफोन लावून मात्र या उशिराची (लेटन्सीची) तक्रार करू नका. तिथं बफर कितीही कमी केला तरी फरक पडणार नाही.

सगळ्यात उपयोगी बटण साउंड कार्डावरच असतं: डायरेक्ट मॉनिटर. ते चालू केलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला मिळतो. मग बफर ५१२ असला तरी गायकाला कळतसुद्धा नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो आणि गायक म्हणतो, "इको कमी करा की." या पद्धतीत गायकाच्या कानात त्याच्या आवाजावरचा रिव्हर्ब येत नाही, आणि काही जणांना त्याशिवाय गाताच येत नाही. त्यांच्यासाठी एकच हलका रिव्हर्ब ठेवून १२८ वर रेकॉर्ड करा.

सॅम्पल रेट गाण्याला ४४.१, व्हिडिओ किंवा शॉर्टफिल्मच्या कामाला ४८. ९६ वर गेलात की तेवढ्याच सेकंदात ४८ च्या दुप्पट सॅम्पल हिशेबात घ्यावी लागतात आणि प्लगिनांचा भारही साधारण दुप्पट होतो. घरच्या खोलीत, बाहेर रिक्षा चालू असताना, त्याचा फायदा कुणाला ऐकू येणार?

४. लॅपटॉपची तब्येत

चार्जर लावा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरचा वेग कमी करतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालू राहतो, पण चार्जरचा बोर्ड त्या लाइनवर नसेल तर लॅपटॉप गुपचूप बॅटरीवर गेलेला असतो आणि अचानक तडतड का वाढली ते कळत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंगमधल्या पॉवर मोडला बेस्ट परफॉर्मन्स निवडा. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर प्लॅनमध्ये हाय परफॉर्मन्स दिसत असेल तर तोही लावा, आणि तिथंच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. नाहीतर विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवू शकतं, आणि त्याच पोर्टवर तुमचं साउंड कार्ड असतं.

मग उष्णता. मार्च ते मे या काळात पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी रेकॉर्डिंग लावलं, तर फॅन आणि एसी दोन्ही आवाजासाठी बंद असतात. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. हे ओळखायचं कसं? गाणं वाजत असताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये स्पीड बघा. भार भरपूर असूनही तो खाली लिहिलेल्या बेस स्पीडच्याही खाली उतरला असेल, तर प्रोसेसरला कुणीतरी आवळून धरलंय: एकतर उष्णता, नाहीतर कमी ताकदीचा चार्जर. सकाळी सगळं सुरळीत आणि दुपारी तीनला तडतड, असं होत असेल तर जवळपास खात्रीच समजा. गादीवर लॅपटॉप ठेवू नका, मागून थोडा उंच करा आणि फॅनमधली धूळ काढून घ्या. जुन्या लॅपटॉपला थर्मल पेस्ट बदलून घेतली तरी बराच फरक पडतो. माझ्या मते रॅम वाढवण्याच्या आधी हा खर्च करावा.

आता लॅटन्सीमॉन. ते चालू करून पाच-दहा मिनिटं सोडा. शेवटी ते हिरव्या किंवा लाल अक्षरात निकाल देतं. लाल आलं तर ड्रायव्हर्सच्या पानावर जाऊन सगळ्यात जास्त वेळ खाणारं नाव वरती आणा. नावं बोजड असतात, पण ओळखता येतात. एनडीआयएस असेल तर नेटवर्क, म्हणजे बहुतेकदा वायफाय. एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड. एसीपीआय असेल तर वीज-व्यवस्थापन, तिथं बायोस आणि चिपसेटचे ड्रायव्हर अपडेट करून बघा.

वायफायचा इलाज सोपा: रेकॉर्डिंग करताना बंद. त्यानं अपडेट, वनड्राइव्हचं सिंक आणि व्हॉट्सअ‍ॅपचे टिंगटाँगही थांबतात. क्रोमच्या वीस टॅब मात्र स्वतः बंद कराव्या लागतात. विंडोज डिफेंडरला सॅम्पलचं आणि प्रोजेक्टचं फोल्डर वगळायला सांगा. अख्खा डिफेंडर बंद करू नका. कारण पायरी ७ मध्ये.

५. नेमकं कोण खातंय ते शोधा

गाण्याची कॉपी उघडा. अर्ध्या ट्रॅकांवरचे प्लगिन बंद करा आणि मीटर बघा. फरक पडला तर गुन्हेगार त्या अर्ध्यात, नाही पडला तर उरलेल्या अर्ध्यात. परत अर्धे करा. साठ ट्रॅकांचं गाणं असलं तरी पाच-सहा फेऱ्यांत एका ट्रॅकपाशी येऊन पोचता.

इथं एक फसवणूक आहे. ट्रॅक म्यूट केला म्हणजे प्लगिन थांबला असं नसतं. रीपरमध्ये 'म्यूट ट्रॅक प्रोसेस करू नका' असा पर्याय वेगळा लावावा लागतो. बायपास केल्यावरही काही प्लगिन आतून चालूच राहतात. खात्री हवी असेल तर प्लगिन ऑफलाइन करा किंवा काढूनच टाका. कॉपीच आहे, घाबरायचं कशाला? एफएल स्टुडिओत स्मार्ट डिसेबल चालू करा, म्हणजे गप्प बसलेले प्लगिन आपोआप झोपतात.

बहुतेकदा पकडले जातात ते हे:

- लिनिअर फेजवर ठेवलेला इक्यू. साध्या मोडवर आणा, भार लगेच उतरतो.
- ओव्हरसॅम्पलिंग ८ किंवा १६ पट लावलेलं सॅच्युरेशन किंवा लिमिटर. काम करताना बंद, शेवटचं रेंडर करताना (गाण्याची फाइल काढताना) चालू.
- लांब शेपटीचे कन्व्हॉल्युशन रिव्हर्ब.
- भरमसाट व्हॉइस (एकाच वेळी वाजणारे सूर) लावलेले सिंथ आणि सॅम्पलर. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये मॅक्स व्हॉइसेसचा आकडा कमी करून बघा. त्यातलं पर्ज (न लागणारी सॅम्पल काढून टाकणं) रॅम वाचवतं, सीपीयूला त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि नव्या माणसाला सहसा न सुचणारा सापळा म्हणजे आर्म केलेला, म्हणजे रेकॉर्डचं बटण चालू ठेवलेला ट्रॅक. रीपर 'अँटिसिपेटिव्ह एफएक्स' वापरून आणि क्युबेस एएसआयओ-गार्डनं बाकीच्या ट्रॅकांचं काम थोडं आधीच उरकून ठेवतात. पण ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड आणि मॉनिटर चालू आहे, त्याचं काम आधी होऊ शकत नाही. गायक अजून गायलेलाच नसतो! त्यामुळे त्या ट्रॅकवरचे प्लगिन अगदी तंग मुदतीत चालतात. मिक्सिंगसाठी बनवलेली जड चेन तशीच ठेवून त्या ट्रॅकवर गायकाला उभं केलं की तडतड आलीच. रेकॉर्डिंगसाठी वेगळा, रिकामा ट्रॅक घ्या. गायकाचं झालं की क्लिप ओढून मिक्सच्या ट्रॅकवर टाका. कीबोर्डवादक सिंथ निवडून नुसता बसला असेल आणि तो ट्रॅक आर्म असेल, तरी हाच प्रकार होतो.

६. ओझं उतरवा

कोरसच्या बारा ट्रॅकांवर बारा रिव्हर्ब लावू नका. एक बस (अनेक ट्रॅकांचा आवाज एकत्र येतो तो ट्रॅक) करा, तिच्यावर एकच रिव्हर्ब टाका आणि सगळ्या ट्रॅकांवरून सेंड द्या, म्हणजे आवाजाची एक वाट तिकडे वळवा. भार कमी होतो हे खरंच, पण सगळे एकाच देवळाच्या मंडपात उभे राहून गातायत असंही वाटतं. चांगभलंच्या गाण्याला ते शोभतं.

ज्या ट्रॅकवरचं काम संपलं, तो फ्रीज करा. क्युबेस आणि एबलटनमध्ये फ्रीज त्याच नावानं आहे, रीपरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक केलं की सापडतं, आणि एफएल स्टुडिओत प्लेलिस्टमधल्या ट्रॅकवर 'कन्सॉलिडेट' करायचं. ट्रॅकचं ऑडिओ बनतं, प्लगिन झोपतात. बदल करायचा असेल तर अनफ्रीज. एफएलमध्ये मूळ चॅनेल आणि पॅटर्न पुसू नका, परतीची वाट तीच.

तरीही गाणं अडत असेल, तर अख्ख्या ऱ्हिदमचा स्टिरिओ मिक्स बाहेर काढा, नव्या सेशनमध्ये तो एकच ट्रॅक ठेवा आणि त्यावर गायन भरून घ्या. ऐन गणपतीच्या तोंडावर मंडळाची माणसं दारात उभी असताना हा मार्ग सगळ्यात भरवशाचा आहे. आधी यातच हात घातला असता तरी चाललं असतं, पण मग मूळ दुखणं कळलं नसतं.

७. क्रॅक प्लगिन

उपदेश करत नाही, सीपीयूपुरतंच बोलतो. २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं लाउडमायनर नावाचा मालवेअर उघडकीला आणला. तो क्रॅक केलेल्या संगीत सॉफ्टवेअरमधूनच पसरवला जात होता. मॅकवर क्यूईएमयू आणि विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरून तो लपून एक छोटं व्हर्च्युअल मशीन चालवायचा आणि त्यात मोनेरो हे आभासी चलन खणायचा. चोरांनी संगीतवाले का निवडले? त्यांची मशीन ताकदीची असतात, आणि सीपीयू चढलेला दिसला तरी ते म्हणतात, "प्लगिन जड असेल."

म्हणून एक तपासणी कराच. सगळी सॉफ्टवेअर बंद ठेवून, मशीन दहा मिनिटं मोकळं सोडून टास्क मॅनेजर बघा. काहीही चालू नसताना सीपीयू सतत वर असेल आणि तो अपडेट किंवा स्कॅनमुळे नसेल, तर आधी मशीन साफ करून घ्या. पैशांची अडचण असेल तर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. त्याच्याबरोबर येणारे इक्यू, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब दिसायला साधे, पण भाराला अगदी हलके आहेत.

८. एवढं करूनही भागलं नाही तर

मग खर्च करा, पण क्रमानं. जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. गाणं उघडल्यावर रॅम काठोकाठ भरत असेल तरच रॅम. रॅम वाढवल्यानं सीपीयूचा मीटर उतरत नाही, हे दुकानदार सांगणार नाही.

प्रोसेसर बघताना नुसते कोअर मोजू नका. एका कोअरचा वेग आवाजाच्या कामात फार महत्त्वाचा, आणि पायरी १ वाचली असेल तर का ते कळलं असेल. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप मिळत असेल आणि बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करायचं नसेल, तर डेस्कटॉप घ्या. तो थंड ठेवणं सोपं जातं.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर रीपर पोर्टेबल पद्धतीनं टाकून न्या. त्यात एका ट्रॅकवर त्याच्याच रिव्हर्बच्या प्रती एकामागून एक लावत जा आणि कितव्या प्रतीला आवाज फुटतो ते बघा. तुलना करताना जुन्या आणि नव्या, दोन्ही मशीनवर ड्रायव्हरचा प्रकार आणि बफर सारखाच ठेवा, लॅपटॉप असतील तर दोन्ही चार्जरवर. दुकानदार दहा मिनिटं बसू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.